टॅक्रोलिमस: बारा तासांचं गणित आणि मुंबईचा दिनक्रम

किडनी ट्रान्सप्लांटनंतर डिस्चार्ज मिळतो तेव्हा हातात औषधांची भलीमोठी पिशवी येते. तिच्यात प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड असतं, प्रतिकारशक्ती दाबणारं मायकोफेनोलेट असतं, सेप्ट्रान हे अँटिबायोटिक असतं, बीपीच्या गोळ्या असतात आणि टॅक्रोलिमसच्या इवल्याशा कॅप्सूल असतात. बाकीच्या गोळ्या पाऊण तास पुढेमागे झाल्या तर फारसं बिघडत नाही. टॅक्रोलिमस मात्र आज सातला, उद्या साडेनवाला, कधी उपाशीपोटी, कधी जेवणावर, कधी या कंपनीचं तर कधी त्या, असं घेतलं की रक्तातलं त्याचं प्रमाण हेलकावे खायला लागतं आणि हे हेलकावेच किडनीला महागात पडतात. म्हणून सूत्र एकच धरायचं: जे कराल ते रोज अगदी तसंच करा. पुढचा बहुतेक मजकूर या सूत्राचाच विस्तार आहे. तुमच्या ट्रान्सप्लांट युनिटने दिलेल्या कागदात आणि यात फरक दिसला, तर तो कागद खरा.

औषध काय करतं ते थोडक्यात. नवी किडनी शरीराला परकी असते. प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशी तिला ओळखतात आणि हल्ल्याचा निरोप पुढे धाडतात. टॅक्रोलिमस त्या पेशींच्या आतलं कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम अडवतं, त्यामुळे निरोप निघतच नाही. १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीतल्या एका जिवाणूपासून हे मिळालं. औषधाच्या नावातला पहिला 'ट' त्या गावाचा.

डोस कमी पडला तर रिजेक्शन, म्हणजे शरीर नवी किडनी नाकारतं. जास्त झाला तर ज्या किडनीला वाचवायला औषध दिलं, तिच्याच रक्तवाहिन्या आकसतात. हात थरथरतात, डोकं दुखतं, पोटॅशियम चढतं, साखर वाढते, झोप उडते. गंमत अशी की दोन्ही टोकांना क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात साचणारा घटक, वाढतंच. त्यामुळे 'क्रिएटिनिन वाढलंय म्हणजे औषध जास्त होतंय, एक कॅप्सूल कमी करून बघू' हा घरगुती तर्क घातक ठरतो. कारण नेमकं उलटं असू शकतं.

वेळ कुठली धरायची

साध्या टॅक्रोलिमसच्या कॅप्सूल दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने घ्यायच्या असतात. खाण्याच्या एक तास आधी किंवा दोन ते तीन तासांनंतर, फक्त पाण्याबरोबर. तेलकट जेवणासोबत घेतलं की औषध कमी शोषलं जातं. सकाळच्या चहा-बिस्किटांनाही पोट खाणंच समजतं, म्हणून कॅप्सूल आधी, चहा तासाभराने.

बऱ्याच ठिकाणी वेळ रुग्णाला निवडू देतात, आणि निवड करताना लोक फक्त सकाळ बघतात. खरी अडचण संध्याकाळची असते. सकाळी सातला घेतली तर संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा तुम्ही दादर आणि ठाण्याच्या मध्ये कुठेतरी दोन माणसांच्या मध्ये चिणलेले असता. पाण्याची बाटली बॅगेत, बॅग रॅकवर. आठ-आठ धरलं तर घरी पोचण्याची आणि डोसची वेळ एकच येते, आणि घरी पोचल्यावर पहिली गोष्ट असते ताट. नऊ-नऊ अनेकांना जमतं, पण मग रात्रीचं जेवण एक तर सहा-साडेसहाला हवं, नाहीतर दहाला, आणि दहाला जेवून झोपणं हे प्रेडनिसोलोनमुळे आधीच चढलेल्या साखरेला बरं नाही.

नोकरदार माणसाला दहा-दहा हे गणित बरेचदा सोपं पडतं. सकाळचा नाश्ता साडेसात-आठला, डोस ऑफिसात टेबलावर दहाला. रात्रीचं जेवण आठपर्यंत, डोस झोपण्याआधी दहाला. शिवाय लेव्हलच्या, म्हणजे रक्तातल्या औषधाच्या पातळीच्या, तपासणीसाठी रक्त डोसच्या लगेच आधी द्यावं लागतं, आणि दहाच्या आधी बहुतेक लॅब उघडलेल्या असतात. पहाटे सहाची वेळ धरलेल्यांना दर तपासणीला याच गोष्टीचा त्रास होतो. ज्याची फर्स्ट शिफ्ट आहे त्याचं गणित अर्थातच वेगळं. कुठलीही वेळ धरा, पण डिस्चार्जपूर्वीच डॉक्टरांशी बोलून धरा आणि मग रविवारी, सणाला, लग्नात तीच ठेवा. पुढे वेळ बदलायचीच असेल तर तीही त्यांना विचारूनच.

मोबाइलवर दोन गजर लावा: एक दहा मिनिटं आधीचा, एक नेमका. पण गजर बंद करणं आणि कॅप्सूल घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'घेतली की नाही?' हा प्रश्न पडतो तो बहुधा यामुळेच. त्यावर साधा उपाय म्हणजे स्ट्रिपवर पेनाने वार आणि स/रा लिहून ठेवणं. कप्पा रिकामा दिसला की उत्तर मिळालं. आठवड्याच्या डबीत सगळ्या कॅप्सूल सोलून भरून ठेवण्याची पद्धत इतर गोळ्यांना चालेल, टॅक्रोलिमसला नको. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, जिलेटिनच्या कॅप्सूल मऊ पडून चिकटतात. कात्रीने स्ट्रिपचे तुकडे कापून तेच डबीत ठेवा. काही ब्रँडच्या स्ट्रिप ॲल्युमिनियमच्या बंद पाकिटात, ओल शोषणाऱ्या पुडीसह येतात. ते पाकीट लागेल तेव्हाच फोडायचं आणि फोडल्याची तारीख त्यावर लिहायची. बाथरूममधलं कपाट आणि गॅसजवळचा कट्टा या दोन जागा टाळा.

एकादशी, चतुर्थी, नवरात्र असेल तर उपास टॅक्रोलिमसला आडवा येत नाही. प्रेडनिसोलोन मात्र काहीतरी खाऊनच घ्यायचं, आणि निर्जळी उपास नव्या किडनीला मुळीच मानवत नाही. साबुदाण्याची खिचडी हे पूर्ण जेवणच आहे, तेही तुपातलं. तेव्हा डोसपासूनचं अंतर तिलाही लागू.

डोस चुकला, किंवा उलटी झाली

थोड्या वेळात लक्षात आलं तर लगेच घ्या आणि पुढचा डोस नेहमीच्या वेळी. 'थोडा वेळ' म्हणजे किती, हे प्रत्येक युनिट वेगळं सांगतं. डिस्चार्जच्या दिवशी तासांचा नेमका आकडा विचारून फ्रिजवरच्या कागदावर लिहून ठेवा. पुढचा डोस जवळ आला असेल तर चुकलेला सोडून द्यायचा. दोन एकदम कधीच नाही. आणि पुढच्या तपासणीला डोस चुकल्याचं सांगायचं. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलं की कमी आलेली लेव्हल बघून ते डोस वाढवतात, आणि तुम्ही पुन्हा नियमित झालात की लेव्हल वर उडते.

कॅप्सूल घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर औषध बहुधा बाहेर गेलं. तासाभरानंतर झाली तर बहुधा शोषलं गेलं. मधल्या वेळेसाठी फोन करा, अंदाजाने दुसरी घेऊ नका. एका दिवसात दोन डोस उलटीत गेले तर ते घरी निस्तरण्याचं प्रकरण राहिलं नाही, हॉस्पिटल गाठायचं.

लेव्हलची तपासणी

'टॅक्रो लेव्हल' म्हणजे पुढचा डोस घेण्याच्या अगदी आधी, रक्तातलं औषध सगळ्यांत कमी असतानाची पातळी. रात्री दहाला डोस घेतलात तर रक्त सकाळी दहाच्या सुमारास, डोस न घेता. हे रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात, कारण औषध बरंचसं लाल पेशींत असतं आणि पूर्ण रक्तच तपासावं लागतं. साधारणपणे पहिल्या काही महिन्यांत ही पातळी ८ ते १२ आणि वर्षभरानंतर ५ ते ८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास ठेवतात. तुमच्यासाठी ठरलेली मर्यादा यापेक्षा वेगळी असू शकते. ती फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, कारण लॅबच्या रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा तुमची नसते.

इथे होणारी सर्वांत नेहमीची चूक अशी: सकाळी उठल्यावर सवयीने कॅप्सूल घेतली, दोन तासांनी लॅबमध्ये रक्त दिलं, रिपोर्ट १८ आला, डॉक्टरांनी डोस कमी केला. खरी पातळी ८ च होती. आता ती ५ वर उतरणार आणि रुग्णाला वाटणार सगळं ठीक चाललंय. चुकून कॅप्सूल घेतली गेली तर त्या दिवशी रक्त देऊ नका, दुसऱ्या दिवशी द्या. सकाळचा डोस खिशात घेऊन जा, रक्त देऊन झालं की तिथेच बाटलीतल्या पाण्याबरोबर घ्या. लॅबच्या फॉर्मवर दोन वेळा लिहायला लावा: शेवटचा डोस किती वाजता, रक्त किती वाजता. घरी रक्त न्यायला येणारा मुलगा पावसात अडकून साडेअकराला आला तर तेही लिहा. त्याची वाट बघत डोस किती वेळ थांबवायचा हे आधीच विचारून ठेवलेलं बरं.

लॅब शक्यतो एकच ठेवा. वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकाच रक्तासाठीही वेगळे येऊ शकतात, आणि मग ६ वरून ८ झालेला बदल खरा की लॅबचा, हे कोणालाच सांगता येत नाही. डोस बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी लेव्हल करून उपयोग नसतो. पातळी नव्या जागी स्थिरावायला दोन-तीन दिवस लागतात.

केमिस्टच्या काउंटरवर

टॅक्रोलिमस ०.२५, ०.५, १, २ आणि ५ मिलिग्रॅममध्ये मिळतं. ०.५ आणि ५ यांतला तो एक ठिपका दहापट फरकाचा आहे. घाईत लिहिलेल्या चिठ्ठीवर तो दिसत नाही. 'अर्धा मिलिग्रॅम' असं शब्दांतही लिहून मागा, आणि दुकानातून निघण्यापूर्वी जुनी स्ट्रिप नव्या स्ट्रिपशेजारी धरून बघा. एकच डोस दोन ताकदींच्या कॅप्सूलनी जुळवला असेल (उदाहरणार्थ दीड मिलिग्रॅम म्हणजे एक अधिक अर्धा), तर दोन्हींच्या स्ट्रिप वेगवेगळ्या रबरबँडमध्ये.

दुसरा सापळा म्हणजे दिवसातून एकदा घ्यायचं, हळूहळू सुटणारं टॅक्रोलिमस. प्रोग्राफ आणि ॲडव्हाग्राफ ही दोन्ही नावं एकाच कंपनीची, आतलं औषधही तेच, पण पहिलं दिवसातून दोनदा आणि दुसरं एकदा. एकाच्या जागी दुसरं घेतलं तर गणित कोलमडतं. हळू सुटणारी कॅप्सूल तर फोडायचीही नाही. खरं म्हणजे कुठलीच फोडू नका.

तिसरा: 'हे नाहीये, पण सेम कंटेंट दुसऱ्या कंपनीचं देतो.' क्रोसिनच्या बाबतीत हे वाक्य ठीक आहे. टॅक्रोलिमसच्या बाबतीत ब्रँड बदलला की पातळी बदलू शकते. स्वस्त ब्रँड वाईट असतो असं अजिबात नाही. हजारो लोक भारतीय कंपन्यांच्या कॅप्सूलवर वर्षानुवर्षं उत्तम आहेत. अट एवढीच की बदल डॉक्टरांना सांगून करायचा आणि त्यानंतर लेव्हल करायची. पैशांची ओढाताण होत असेल तर कॅप्सूल एकाआड एक घेण्याऐवजी ते ओपीडीत स्पष्ट बोला. मोठ्या हॉस्पिटलांत समाजसेवा विभाग असतो, आणि मुंबईतले धर्मादाय ट्रस्ट कुठल्या कागदांवर मदत करतात हे तिथल्या लोकांना नेमकं ठाऊक असतं.

स्टॉक संपत आला की धावायचं, ही सवय मोडा. हातात पंधरा दिवसांच्या कॅप्सूल उरल्या की नवी ऑर्डर. हे औषध प्रत्येक नाक्यावर मिळत नाही, आणि लोकल बंद पडतात तो दिवस कधी सांगून येत नाही.

दुसरी औषधं: खरा गोंधळ इथे होतो

टॅक्रोलिमसची विल्हेवाट यकृत आणि आतडी एका विशिष्ट एन्झाइमच्या मदतीने लावतात. जे औषध त्या एन्झाइमला गप्प बसवतं, ते टॅक्रोलिमस वाढवतं. जे त्याला हुशार करतं, ते टॅक्रोलिमस घटवतं. नावं पाठ करायची गरज नाही, पण काही नावं मुंबईत राहणाऱ्याला भेटतातच.

पहिलं इट्राकोनॅझोल. पावसाळ्यात ओले कपडे, लोकलची गर्दी, जांघेत गजकर्ण, आणि केमिस्ट चिठ्ठीशिवाय इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल काढून देतो. खाज जाते, आणि काही दिवसांत टॅक्रोलिमसची पातळी दुप्पट-तिप्पट झालेली असू शकते. हातांची थरथर वाढली की माणूस 'अशक्तपणा आलाय' म्हणतो. बुरशीसाठी लावायचं मलम बहुधा पुरतं. गोळी लागलीच तर डॉक्टर टॅक्रोलिमस आधी कमी करून, लेव्हल बघत बघत देतात.

दुसरं क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन. खोकला, घसा, दातांचं दुखणं यांवर ही सर्रास लिहिली जातात. याच कुळातलं ॲझिथ्रोमायसिन त्या मानाने बरंच सौम्य, पण तेही सांगूनच.

तिसरं नाव जरा वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवा: डिल्टियाझेम. ही बीपीची आणि हृदयाची गोळी टॅक्रोलिमस वाढवते, आणि आपल्याकडे काही डॉक्टर ती मुद्दाम देतात, म्हणजे महागडं टॅक्रोलिमस कमी लागतं. हिशोब हुशारीचा आहे. पण पुढे कुणा दुसऱ्या डॉक्टरने बीपी छान आहे म्हणून डिल्टियाझेम थांबवलं, तर टॅक्रोलिमसचा आधारच निघून जातो आणि पातळी कोसळते. चालू असलेलं औषध बंद करणं हाही बदलच आहे, हे लोक विसरतात.

उलट्या बाजूला टीबीचं रिफाम्पिसिन. ते टॅक्रोलिमसला इतकं खाली ओढतं की डोस कित्येक पट वाढवूनही पातळी हाताला लागत नाही. मुंबईत टीबी ही दूरची गोष्ट नाही, आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला तो सहज गाठतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं यांतलं काही दिसलं तर लगेच सांगा. निदान झालं तर महापालिकेच्या टीबी केंद्रातल्या डॉक्टरांचं आणि तुमच्या किडनीच्या डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं होईपर्यंत पहिली गोळी घेऊ नका. हे बोलणं एका दिवसात घडवून आणता येतं. फिटच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन या गोळ्याही अशाच पातळी घटवणाऱ्या.

वेदनाशामकं हा वेगळा प्रकार. कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड ही पातळी बिघडवत नाहीत, ती किडनीवरच थेट घाव घालतात, आणि टॅक्रोलिमसच्या जोडीने तो घाव दुप्पट बसतो. दुखण्यावर पॅरासिटामॉल, तेही ताप मोजून झाल्यावर. मायकोफेनोलेटच्या जागी ॲझाथायोप्रिन चालू असेल तर युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट परस्पर सुरू करायचं नाही. ही जोडी अस्थिमज्जा दाबते, पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. आणि ॲसिडिटीचं पांढरं किंवा गुलाबी पातळ औषध मायकोफेनोलेटबरोबर एकाच वेळी घेतलं तर मायकोफेनोलेट नीट शोषलं जात नाही.

मायकोफेनोलेटबद्दल आणखी एक, कारण ते ओपीडीच्या गर्दीत बोलायचं राहून जातं: गर्भावर त्याचा गंभीर परिणाम होतो. ट्रान्सप्लांट झालेल्या बाईला मूल हवं असेल तर ते होऊ शकतं, पण दिवस राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी मायकोफेनोलेट बदलून दुसरं औषध सुरू झालेलं असावं लागतं. तोपर्यंत गर्भनिरोधन काटेकोर.

आता घरातले उपाय. 'इम्युनिटी वाढवणारं' असं ज्यावर लिहिलंय ते तुमच्यासाठी नाही. तुम्ही दरमहा पैसे खर्च करून ती दाबताय. गुळवेलीचा काढा, अश्वगंधा, तऱ्हेतऱ्हेची चूर्णं यांत हा एक प्रश्न, आणि दुसरा यकृताचा: कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनीच २०२१ मध्ये नोंदवलं होतं. आमटीतली हळद बिनघोर खा. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल नकोत. आत्या प्रेमाने काढा घेऊन आली तर तिला किडनीच्या डॉक्टरांनी मना केलंय असं सांगा. वाद तिथेच मिटतो.

पपनस, शहाळं आणि चटणी

ग्रेपफ्रूट खाऊ नका असं प्रत्येक माहितीपत्रकात छापलेलं असतं, आणि ते वाचून आपण निश्चिंत होतो, कारण ग्रेपफ्रूट आणतंय कोण? पण त्याचं जवळचं नातलग आपल्याकडे भाद्रपदात घरोघरी येतं. गणपतीवरच्या माटवीला टांगलेलं, विसर्जनानंतर सोलून वाटलं जाणारं पपनस. त्यातही आतड्यांतल्या त्याच एन्झाइमला गप्प करणारे घटक असतात, आणि पपनसामुळे टॅक्रोलिमस वाढल्याचं वैद्यकीय नोंदींत आहे. एक फोडसुद्धा नको. मोसंबी आणि साधं संत्रं यांची ही अडचण नाही. त्यांच्या बाबतीत पोटॅशियमचा रिपोर्ट बघून ठरवा.

पोटॅशियमचं कारण असं की टॅक्रोलिमस स्वतःच ते चढवतं. शहाळं 'किडनीला चांगलं' म्हणून हातात दिलं जातं, पण ते पोटॅशियमने भरलेलं असतं. बीपीवाल्यांसाठी मिळणारं कमी सोडियमचं मीठ तर बरंचसं पोटॅशियम क्लोराइडच असतं, ते स्वयंपाकघरातून काढूनच टाका.

पाणी उकळून गार केलेलं, पालिकेचं असलं तरी, आणि सोसायटीच्या टाकीचा भरवसा किती हे तुम्हीच जाणता. गरम वडा कढईतून थेट हातात आला तर तो एक वेळ चालेल. त्याच्यासोबतची ओली चटणी, सँडविचमधली कच्ची काकडी, पाणीपुरीचं पाणी, उसाच्या रसातला बर्फ, गाडीवरची कापलेली फळं ही पहिलं वर्षभर तरी बंद. मोड आलेली कडधान्यं कच्ची नको, उसळ करून हवी तेवढी.

आणि तरी पोट बिघडलंच तर एक उफराटी गोष्ट लक्षात ठेवा. जुलाबात औषध वाहून जाईल आणि पातळी घटेल असं वाटतं. टॅक्रोलिमसचं उलटं होतं. आतड्याचं अस्तर दुखावलं की त्याला अडवणारं एन्झाइमही कमी पडतं, औषध जास्त आत शिरतं आणि पातळी चढते. त्यात शरीर सुकलेलं, म्हणजे किडनीवर दोन्हीकडून मार. म्हणून जुलाब एक दिवसापेक्षा जास्त टिकले तर लेव्हल आणि क्रिएटिनिन दोन्ही करायचं, आणि तोवर ना डोस वाढवायचा, ना स्वतःहून थांबवायचा. ओआरएसमध्येही पोटॅशियम असतं. जुलाबात ते सहसा चालतं, पण किती घ्यायचं हे फोनवर विचारून. जुलाबाचं कारण कधी कधी मायकोफेनोलेटच असतं, तेव्हा डॉक्टर त्याचा डोस विभागून देतात.

पावसाळा, कबुतरं, लस

२६ जुलै २००५ ला सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पुराच्या पाण्यामागोमाग लेप्टोचे रुग्ण आले. उंदरांच्या लघवीतून पाण्यात आलेला हा जिवाणू पायावरच्या बारीकशा जखमेतून शरीरात शिरतो आणि थेट किडनी आणि यकृतावर जातो. महापालिका दर पावसाळ्यात सांगते की साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावं. तुमच्यासाठी हा सल्ला दुप्पट लागू. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेतून गुडघाभर पाण्यात चालून आलात तर घरी येऊन पाय साबणाने धुवा, जखम बघा आणि त्याच दिवशी फोन करा, लक्षणांची वाट न बघता. त्याहून बरं म्हणजे पाणी ओसरेपर्यंत ऑफिसातच थांबणं, आणि त्यासाठी बॅगेत नेहमी दोन जादा डोस असणं.

कबुतरांच्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी असते. ती फुप्फुसांतून मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकते. एसीच्या खोक्यामागचं घरटं आणि खिडकीच्या ग्रिलवरचा थर साफ करण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी, आधी पाणी मारून ओला करून करावं, त्या वेळी तुम्ही दुसऱ्या खोलीत. जाळी बसवून घ्या. शेजारच्या इमारतीचं पाडकाम चालू असेल तर त्या धुळीतही बुरशीचे कण असतात, म्हणून त्या बाजूची खिडकी बंद आणि बाहेर पडताना घट्ट बसणारा मास्क.

लसींत जिवंत जंतूंच्या लसी वर्ज्य: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजण्या, पोलिओचे थेंब, नाकात मारायची फ्लूची. इंजेक्शनची फ्लूची लस मात्र दरवर्षी घ्यायची आणि मुंबईत ती एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी, कारण इथे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते. न्यूमोकॉकल आणि हिपॅटायटिस बीचं वेळापत्रक युनिटमधून घ्या. घरातल्या बाळाला पोलिओचे थेंब पाजले तर पुढचे काही आठवडे त्याचे लंगोट दुसऱ्याने बदलावेत.

ताप आला तर

१००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर, मग रविवार असो की अनंत चतुर्दशी. प्रेडनिसोलोन चालू असताना ताप दबलेला असतो. इतरांच्या १०२ च्या दुखण्यात तुम्हाला ९९.५ दिसू शकतो. म्हणून थंडी वाजणं, लघवीला जळजळ, दम लागणं, नव्या किडनीच्या जागी दुखणं, लघवी कमी होणं किंवा एका दिवसात किलोभर वजन वाढणं यांपैकी काहीही ताप नसतानाही सांगण्यासारखंच आहे. वजन आणि बीपी रोज सकाळी एकाच वेळी मोजून वहीत उतरवलेलं असेल तर हे कळतं, नाहीतर नाही. आणि रिजेक्शन पुष्कळदा काहीही लक्षण न दाखवता फक्त क्रिएटिनिनमध्ये दिसतं, त्यामुळे बरं वाटतंय म्हणून तपासणी पुढे ढकलायची नाही.

फोन उचलण्यापूर्वी या गोष्टी समोर ठेवा: ताप किती आणि किती वाजता मोजला, गेल्या चोवीस तासांत लघवी साधारण किती, शेवटची लेव्हल आणि शेवटचं क्रिएटिनिन तारखेसह, टॅक्रोलिमसचा ब्रँड आणि डोस मिलिग्रॅममध्ये ('दोन कॅप्सूल' असं नाही), आणि गेल्या दहा दिवसांत घेतलेली प्रत्येक नवी गोळी, काढा, मलम. ही सगळी माहिती एका पुठ्ठ्यावर लिहून पाकिटात रेल्वेच्या पासामागे ठेवा आणि तिचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये. गणपतीला कोकणात जाताना तो पुठ्ठा, मुक्कामाच्या दुप्पट दिवसांच्या कॅप्सूल आणि थर्मामीटर हे सगळं हातातल्या पिशवीत हवं. डिकीतल्या बॅगेत नाही, कारण सप्टेंबरच्या उन्हात महामार्गावर अडकलेल्या गाडीची डिकी चांगलीच तापते.